घड्याळाचा लगाम कोणाच्या हाती? तळहातावरच्या लिनक्सचा इतिहास

१/
आज गड, दरबार आणि दप्तरे क्षणभर बाजूला ठेवू. आजचा धागा अवघ्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इतिहासाचा आहे. त्याची साधने ताम्रपटांवर नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेली आहेत. विषय आहे हातात मावणारी लिनक्स उपकरणे, त्यांच्या प्रोसेसरचा वेग आणि तो वेग स्वतःच्या हाती घेऊ पाहणारी माणसे.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. खोक्यावर ‘६०० मेगाहर्ट्झ’ असे छापलेले असते, तेव्हा तो आकडा चिपचा निसर्गदत्त गुण आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो एक निर्णय असतो. बॅटरी किती टिकावी, उपकरण किती तापावे, किती वर्षे चालावे आणि उत्पादकाने किती हमी द्यावी, या साऱ्यांचा हिशेब मांडून कोणीतरी तो आकडा ठरवलेला असतो. तो ‘कोणीतरी’ कोण, हाच या धाग्याचा प्रश्न.

३/
थोडी पार्श्वभूमी. प्रोसेसर एका अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो. २०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला वीस कोटी ठोके. प्रत्येक ठोक्यासरशी चिपमधील असंख्य सूक्ष्म स्विचांवर विद्युतभार चढतो आणि उतरतो, आणि त्यात वीज खर्च होते. हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो. पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ‘वर्ग’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सारा इतिहास त्यात दडलेला आहे.

४/
केवळ वेग निम्मा केला तर दर सेकंदाचा खर्च निम्मा होतो खरा. परंतु तेच काम संपायला दुप्पट वेळ लागतो. एकूण हिशेब जवळजवळ जागच्या जागी. खरी बचत होते ती वेगाबरोबर व्होल्टेजही उतरवता आले तर. मंद ठोक्याला कमी दाबाची वीज पुरते. उलट, वेग चढवायचा तर बहुधा व्होल्टेजही चढवावे लागते, आणि मग खर्च व उष्णता दोन्ही झपाट्याने वाढतात.

५/
हा विचार पद्धतशीरपणे मांडणारा एक महत्त्वाचा निबंध १९९४ सालचा आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मार्क वायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला. संगणक भिंतीवर, टेबलावर, खिशात, सर्वत्र विखुरलेले असतील असे भाकीत करणारे ते हेच वायझर. खिशातला संगणक म्हटला की बॅटरी आली. त्यांनी सुचवले, की प्रोसेसरने सतत पूर्ण वेगाने धावण्याऐवजी पुढच्या क्षणी किती काम येईल याचा अंदाज घेऊन आपला वेग बेताचा ठेवावा.

६/
कल्पना सुरेख होती. पण ती खिशातल्या यंत्रावर पडताळण्यासाठी तशी चिप हवी होती. ती ‘स्ट्राँगआर्म’ या घराण्यातून आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने एआरएम रचनेवर हे प्रोसेसर घडवले. पुढे १९९८ मध्ये हा व्यवसाय इंटेलकडे गेला. या घराण्यातील ‘एसए-११००’ ही चिप अल्प विजेवर चालणारी होती, आणि मुख्य म्हणजे चालू असतानाच तिचा वेग बदलता येत असे.

७/
हा वेग ठरतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. चिपशेजारी एक स्फटिक असतो आणि तो ३.६८६४ मेगाहर्ट्झने कंप पावतो. चिप त्याला गुणते. १६ ने गुणले की ५९ मेगाहर्ट्झ, ५६ ने गुणले की २०६.४ मेगाहर्ट्झ. मधल्या पायऱ्या चार-चारच्या. ५९ पासून २०६.४ पर्यंत मोजून अकरा पायऱ्या होतात. त्या काळातील कित्येक उपकरणांच्या खोक्यांवर ‘२०६ मेगाहर्ट्झ’ हाच विचित्र आकडा का दिसतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

८/
याच चिपवर डिजिटलच्या पालो आल्टोमधील संशोधकांनी ‘इट्सी’ नावाचा खिशात मावणारा संगणक बांधला. त्यावर लिनक्स चालत असे. ते विक्रीसाठी नव्हते, प्रयोगासाठी होते. आणि प्रयोगाचा निष्कर्ष आशेवर पाणी फिरवणारा निघाला. २००० साली डर्क ग्रुनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी इट्सीवर वेग ठरवण्याच्या तोवरच्या युक्त्या तपासल्या. वापरणाऱ्याला जाणवू न देता वीज वाचवण्याचे उद्दिष्ट त्या सातत्याने गाठू शकल्या नाहीत.

९/
कारण उघड आहे. माणूस खिशातले यंत्र ठरावीक लयीत वापरत नाही. दोन मिनिटे स्वस्थ बसतो आणि अचानक चित्रफीत सुरू करतो. भूतकाळाच्या सरासरीवरून भविष्य सांगू पाहणारे गणित तिथे तोंडघशी पडते. (इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा धडा अपरिचित नसावा!)

१०/
इकडे नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात निराळा प्रयत्न चालू होता. तिथल्या चमूने ‘लार्ट’ नावाचा छोटा संगणक-फलक बनवला. चिप तीच, एसए-११००, आणि प्रणाली लिनक्स. फलकाचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. जोहान पाउवेल्से आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यावरील मोजमापे प्रसिद्ध केली : २५१ मेगाहर्ट्झच्या पूर्ण वेगाला एका सूचनेमागे जितकी ऊर्जा लागते, तिच्या केवळ एक पंचमांश ऊर्जा ५९ मेगाहर्ट्झला पुरते. वेग आणि व्होल्टेज बदलायला लागणारा वेळ अवघा १४० मायक्रोसेकंद. ‘वर्ग’ या शब्दाचे सामर्थ्य मोजपट्टीवर सिद्ध झाले.

११/
आता आपल्या अस्सल साधनाकडे वळू. लिनक्स कर्नलमध्ये एसए-११०० चा वेग बदलणारी एक फाइल आहे. जुन्या ताम्रपटांच्या शेवटी कधीकधी लेख कोरणाऱ्याचे नाव सापडते. इथे ते आरंभीच आहे. डेल्फ्ट विद्यापीठाचा २०००-२००१ चा हक्कलेख आणि लेखक म्हणून जोहान पाउवेल्से व एरिक माऊ यांची नावे. त्याखाली कामाची रीत सांगणारे एक दीर्घ निवेदन आहे. ते मुळातून वाचावे असेच आहे.

१२/
निवेदनाचा आशय असा. वेग बदलण्याची कळ म्हणाल तर एकच आहे. ती फिरवणे सोपे. अडचण स्मृतीची, म्हणजे रॅमची. रॅमची कालगणना प्रोसेसरच्या ठोक्यांशी जखडलेली असते. ठोका बदलला आणि रॅमचे वेळापत्रक चुकले, तर स्मृती निरुपयोगी होऊन कर्नल जागीच कोसळतो. आणि वेळापत्रक बदलणारी आज्ञावली स्वतः त्याच रॅममध्ये बसलेली असते! बसल्या फांदीला हात घालायचा, पण फांदी मोडता कामा नये, असा हा प्रकार.

१३/
सोपा मार्ग असा होता, की हे नाजूक काम यंत्राच्या कायम स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये ठेवावे आणि तेवढ्यापुरते तिथे जाऊन यावे. पण रॉम प्रत्येक यंत्रात बदलता येत नाही. म्हणून लेखकांनी अवघड वाट धरली. बदल अशा क्रमाने करायचा, की मधल्या प्रत्येक पायरीवर रॅमची मांडणी वैधच राहील. त्यामुळे ही युक्ती एका प्रयोगशाळेच्या यंत्रापुरती न राहता त्या चिपच्या सर्व यंत्रांसाठी खुली झाली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे निर्णय अनेकदा टिपणाच्या दोन ओळींत दडून राहतात.

१४/
त्याच कर्नलमध्ये या चिपसाठी वेगांचा एक तक्ता आहे. आपण मघाशी अकरा पायऱ्या मोजल्या. तक्त्यात मात्र सोळा ओळी आहेत. २०६.४ नंतर २२१.२, २३५.९, २५०.७, २६५.४ आणि शेवटी २८०.२. निवेदन सांगते, की हे सारे वीज वाचवण्यासाठी. आणि तक्ता बाजारातील उपकरणांच्या २०६ च्या पुढे पाच पायऱ्या चढून जातो. मंद करण्याचे साधन आणि पळवण्याचे साधन ही एकच वस्तू आहे, याचा हा समकालीन लेखी पुरावा.

१५/
तोवर ही चिप आणि तिची धाकटी बहीण एसए-१११० लोकांच्या हाती आल्या होत्या. कॉम्पॅकचा ‘आयपॅक’ (२०००) विंडोज घेऊन येत असे. पण कॉम्पॅकच्याच संशोधकांनी त्यावर लिनक्स उतरवले. शार्पचा ‘झॉरस एसएल-५५००’ (२००२) लिनक्स घेऊनच बाजारात आला. आणि आपल्या देशात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअर यांनी ‘सिम्प्युटर’ रचला, त्यातही एसए-१११० आणि लिनक्स. अमेरिका, जपान, भारत. तिन्हीकडे हृदयाचा ठोका तोच, २०६ मेगाहर्ट्झ.

१६/
सिम्प्युटरकडे आपण बहुधा अयशस्वी स्वप्न म्हणून पाहतो. बाजाराच्या हिशेबाने ते खरेही आहे. ‘अमिडा सिम्प्युटर’ २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहभागाने आला. पण अपेक्षित प्रसार झाला नाही. तथापि त्यांनी केवळ प्रणालीच नव्हे, तर यंत्राचा आराखडाही खुल्या परवान्याखाली मांडला होता. यंत्राच्या पोटात काय आहे हे जाणण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे, ही भूमिका आपल्याकडे त्या काळात घेतली गेली होती, याची नोंद राहायला हवी.

१७/
विखुरलेल्या युक्त्यांना शिस्त लावण्याचे काम ‘सीपीयूफ्रीक’ या चौकटीने केले. रसेल किंग यांच्या एआरएमवरील कामातून ती उगवली, डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांनी ती जोपासली, २००२ मध्ये ती विकसनशील कर्नलमध्ये शिरली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीसोबत सर्वत्र पोहोचली. तिने एक मूलगामी विभागणी केली. वेग ‘कसा’ बदलायचा हे चिपगणिक वेगळे, ते ड्रायव्हर सांभाळील. वेग ‘केव्हा’ बदलायचा हे धोरण. ते ‘गव्हर्नर’ सांभाळील.

१८/
हा गव्हर्नर आपला लाटसाहेब नव्हे. वाफेच्या इंजिनाची गती आवरणाऱ्या यंत्रभागाचे हे जुने नाव. एक गव्हर्नर सदैव पूर्ण वेग ठेवतो, एक सदैव किमान वेग. २००४ मध्ये आलेला ‘ऑनडिमांड’ काम वाढताच थेट सर्वोच्च वेगावर झेप घेतो आणि मग निवळू लागतो. इट्सीवरच्या अपयशाशेजारी हे ठेवून पाहा : भविष्य अचूक वर्तवण्याचा हट्ट इथे नाही. आणि एक गव्हर्नर असा, की जो सारा निर्णय वापरणाऱ्यावर सोपवतो. त्याचे नावच ‘युजरस्पेस’.

१९/
वापरणाऱ्यांनी त्या अधिकाराचे काय केले? २००५ मध्ये कोरियातील गेमपार्क होल्डिंग्जने ‘जीपी२एक्स’ हे लिनक्सवर चालणारे खेळयंत्र आणले. साध्या दोन पेन्सिल सेलवर चालणारे, २०० मेगाहर्ट्झचे. जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांना तो वेग अपुरा पडे. म्हणून कित्येक प्रोग्रामांच्या यादीतच वेग वाढवण्याची सोय असे. मग कळले, की एकाच साच्याच्या दोन यंत्रांत एक जो वेग सहज पेलते, त्यावर दुसरे गोठते. प्रत्येक चिपचा पिंड वेगळा. छापील आकडा हा सगळ्यांत दुबळ्या चिपलाही झेपेल असा ठरवलेला असतो, हे लोकांना अनुभवाने समजले.

२०/
हा निर्णय उत्पादकही फिरवतो, याचे नमुनेदार उदाहरण नोकियाचे. २००७ च्या आरंभी आलेला ‘एन८००’ हा लिनक्स टॅबलेट ३३० मेगाहर्ट्झने चाले. वर्षअखेरीच्या नव्या प्रणालीनंतर तेच यंत्र ४०० मेगाहर्ट्झने चालू लागले. चिप तीच, बॅटरी तीच, मालकही तोच. बदलली ती फक्त आज्ञावली.

२१/
२००९ च्या अखेरीस नोकियाचा ‘एन९००’ आला आणि हा इतिहास ऐन भरात पोहोचला. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३४३०, वेग ६०० मेगाहर्ट्झ. हीच चिप मोटोरोलाने आपल्या ‘ड्रॉइड’मध्ये ५५० वर चालवली. स्वयंसेवकांनी एन९०० साठी ‘कर्नल-पॉवर’ नावाचा कर्नल रचला आणि त्याच्या तक्त्यात ११५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पायऱ्या घातल्या. जवळजवळ दुप्पट वेग, आणि नवा पैसाही न खर्चता.

२२/
पण केवळ वेगाच्या हव्यासाची गोष्ट म्हणून हे वाचणे एकांगी ठरेल. त्याच कर्नलसोबत व्होल्टेजच्या निरनिराळ्या मांडण्या मिळत. काहींची नावे ‘लो व्होल्टेज’ची आद्याक्षरे वाढवत नेलेली, आणि एका मांडणीचे नाव चक्क ‘स्टार्व्हिंग’, म्हणजे उपाशी! वेग वाढवायचा तो वाढवा; पण प्रत्येक ठोक्याला लागणारी वीज जितकी कमी करता येईल तितकी करा. ही डेल्फ्टच्या मोजमापांचीच परंपरा होती. फक्त प्रयोगशाळेची जागा खिशाने घेतली होती.

२३/
याला किंमत होती. उष्णता आणि अतिरिक्त व्होल्टेज यांनी चिपचे आयुष्य घटते. व्होल्टेज फार उतरवले तर यंत्र ऐन वेळी गोठते, अर्धवट लिहिलेली माहिती नासते. हमी अर्थातच उरत नाही. म्हणजे उत्पादकाची सावधगिरी निव्वळ कावा नव्हती. वाद सावधगिरीचा नाहीच. धोका पत्करायचा की नाही, हे ज्याच्या खिशात यंत्र आहे त्याने ठरवावे की विकणाऱ्याने, हा वाद आहे.

२४/
दरम्यान दुसऱ्या बाजूने दार लोटले जात होते. कर्नलचा परवाना, जीपीएलची दुसरी आवृत्ती, उत्पादकाला उगमसंहिता खुली करायला लावतो. परंतु बदललेली संहिता यंत्रावर चालू दिलीच पाहिजे, अशी स्पष्ट अट त्यात नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती उपकरणांपुरता तो बंदोबस्त केला. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. परिणाम असा, की पोथी वाचायला मोकळी, पण देव्हाऱ्याला कुलूप.

२५/
ड्रॉइडचा युरोपीय अवतार ‘माइलस्टोन’ याची साक्ष आहे. उत्पादकाची सही नसलेला कर्नल तो सुरूच होऊ देत नसे. तेव्हा लोकांनी कर्नल बदललाच नाही. मूळ कर्नल रीतसर चालू होऊ दिला आणि नंतर त्यात एक छोटा मॉड्यूल घालून चालत्या कर्नलच्या स्मृतीतील वेगाचा तक्ताच बदलला. दहा वर्षांपूर्वी अशीच युक्ती रॉमच्या अडचणीवर योजली होती. आता ती कुलपावर योजावी लागली.

२६/
हे सारे हौशी लोकांचे चोचले होते काय? २०१७ चा डिसेंबर आठवा. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा कमाल वेग आपण प्रणालीद्वारे आवरतो, असे ॲपलने मान्य केले. कारण तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होते : थकलेली बॅटरी अचानक मागणी पेलू शकत नाही आणि फोन बंद पडतो. लोक संतापले ते फोन मंद केला म्हणून, आणि त्याहून अधिक सांगितले नाही म्हणून. पुढील वर्षी सेटिंगमध्ये निवडीची सोय आली. म्हणजे जे एन९०० च्या मालकांना आधीपासून ठाऊक होते, ते कोट्यवधी लोकांना तेव्हा प्रथमच कळले : वेग हा कोणाचा तरी निर्णय असतो.

२७/
मला या इतिहासात सर्वाधिक मोलाची वाटते ती लेखी परंपरा. डेल्फ्टच्या दोघांनी आपली रीत कारणांसह लिहून ठेवली, म्हणून दुसऱ्यांना तिच्यावर पुढचा मजला चढवता आला. आयपॅक आणि झॉरससाठी लिनक्स बांधणाऱ्यांच्या खटाटोपातून २००३ मध्ये ‘ओपनएम्बेडेड’ उभे राहिले. आजही असंख्य उपकरणांचे लिनक्स त्याच घडवणीतून तयार होते. यंत्रे अडगळीत गेली, चिपचे कारखाने हात बदलत राहिले; टिपणे मात्र जिवंत आहेत. ज्या बंद उपकरणांची संहिता कोणी पाहिलीच नाही, त्यांचा असा इतिहास लिहिणे पुढच्या संशोधकाला फार अवघड जाईल. आपण तर वर्तमानातच साधने गमावत चाललो आहोत.

२८/
शेवटी एक सूचना. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतो, आणि त्यात हीच सीपीयूफ्रीकची चौकट आहे. प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारे एखादे साधे ॲप उघडा आणि पडद्यावर बोट फिरवून पाहा. आकडे उसळतील, मग निवळतील. त्या चढउतारात पालो आल्टोचे अंदाज, डेल्फ्टचे मोजमाप आणि कितीतरी अनामिक हौशी लोकांच्या जागून काढलेल्या रात्री आहेत. लगाम तुमच्या हाती नसेलही. पण तो आहे आणि कोणाच्या तरी हाती आहे, एवढे जाणणे हीदेखील इतिहासदृष्टीच.

चूकभूल द्यावी घ्यावी. धागा समाप्त.